चार डिस्क आहेत: रेड ५, रेड ६ की रेड १०?

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून डेटा असा ठेवणं, की एखादी डिस्क गेली तरी तो वाचावा; ५, ६ आणि १० हे त्याचे प्रकार. लहान ऑफिसचा सर्व्हर, ४ टीबीच्या चार डिस्क. विकणारा पहिल्यांदा विचारतो, "जागा किती पाहिजे?" मी आधी हे विचारेन, की डिस्क जाईल त्या दिवशी तुमचं काय होईल?

जागेचा हिशोब एका ओळीचा आहे. रेड ५ मध्ये १२ टीबी हाती लागतात, रेड ६ आणि रेड १० मध्ये ८. या ४ टीबीच्या मोहापायी रेड ५ निवडलं जातं.

आता डिस्क गेली असं धरा. रेड ५ मध्ये नवी डिस्क भरायला उरलेल्या तिन्ही डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टीबी. साध्या साटा डिस्कच्या माहितीपत्रकात १०च्या १४व्या घाताइतक्या बिटांमागे एक वाचनदोष मान्य केलेला असतो. ते होतात साधारण १२.५ टीबी, म्हणजे नवी डिस्क भरताभरताच एखादा दोष लागून तिथला डेटा हरवू शकतो. प्रत्यक्षात डिस्क पुष्कळदा याहून चांगल्या निघतात, पण त्या भरवशावर कंपनीची खातेवही ठेवायला माझं मन धजत नाही. रेड १० मध्ये नवी डिस्क फक्त आपल्या जोडीदाराकडून (तोच डेटा असलेल्या डिस्ककडून) भरते, ४ टीबीच वाचायचे. सेकंदाला १५० एमबी वेग मिळाला तर साडेसात तास. ऑफिस चालू असेल तर जास्तच.

तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर? रेड ५ संपलं. रेड १० मध्ये उरलेल्या तिघांपैकी एकच, पहिलीची जोडीदार, घात करू शकते. रेड ६ मात्र कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी उभं राहतं.

दुसरी डिस्क स्वतःहूनच जाते असंही नाही. एका ठिकाणी रेड ५ होतं आणि खणांवर दिवे नव्हते. कंट्रोलरने (डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाने) सांगितलं, स्लॉट २ खराब. तो शून्यापासून मोजत होता, आम्ही एकपासून. धडधाकट डिस्क बाहेर आली, पंखे फिरत राहिले आणि व्हॉल्यूम (सगळ्या डिस्क मिळून झालेला साठा) गायब. बॅकअपवरून सगळं परत आणायला दीड दिवस गेला. ०-१ आणि २-३ अशा जोड्यांचं रेड १० असतं तर तरलो असतो. रेड ६ असतं तरीही. तेव्हापासून प्रत्येक ट्रेवर डिस्कचा सीरियल नंबर चिकटवल्याशिवाय मी सर्व्हर बंद करून देत नाही.

मग सरसकट रेड ६ का नको? एका छोट्या लेखनासाठी रेड १० ला डिस्कवर वाचायची-लिहायची दोन कामं पडतात, रेड ५ ला चार, रेड ६ ला सहा. टॅली, डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन यांचं लेखन असंच तुकड्या-तुकड्यांनी चालतं, तिथे रेड १० घ्या. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, स्कॅन केलेली कागदपत्रं अशा सलग लिहिल्या जाणाऱ्या मालाला रेड ६ उत्तम. "तीन डिस्कचं रेड ५ आणि चौथी हॉट स्पेअर" (एखादी गेली की आपोआप तिची जागा घेणारी मोकळी डिस्क) असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. जागा ८ टीबीच मिळते आणि स्पेअर भरून होण्याआधी दुसरी डिस्क गेली तर संरक्षण नाही.

वीज जात असेल तर रेड ५ किंवा ६ ला बॅटरीवाला कॅशे (लिहायचा डेटा तात्पुरता धरून ठेवणारी मेमरी) आणि यूपीएस लागतोच, कारण डेटा लिहून झाला आणि पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायचा हिशोब) राहिली तर दोन्हींचा मेळ बसत नाही. बॅकअप वेगळा हवाच, तिन्हींमध्ये. चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकदमच पुसली जाते.

आणि १२ टीबी खरोखरच लागत असतील, तर ६ टीबीच्या चार डिस्क घ्या आणि रेड १० लावा.