चार आकडे पेटवायचे आहेत: थेट पिनांवरून, ७४एचसी५९५ लावून, की ड्रायव्हर चिप घेऊन?

कूलरचा पंप ठरावीक वेळाने चालू-बंद करणारा टायमर बनवायचाय आणि त्यावर चार आकडे दिसायला हवेत. नागपुरात बर्डीवर सुटा सेव्हन-सेगमेंट डिस्प्ले घ्यावा की तयार मॉड्यूल? माझ्या मते आधी एवढंच बघा: आकडे पेटते ठेवण्याखेरीज तुमच्या मायक्रोकंट्रोलरला (प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपला) आणखी काय काय करायचंय?

थेट चालवायचं तर आठ सेगमेंट (आकड्याच्या सात दांड्या आणि दशांश ठिपका) आणि चार डिजिट (एकेका आकड्याची जागा), म्हणजे १२ पिना गेल्या. एका वेळी एकच आकडा पेटतो. प्रत्येकाला २ मिलिसेकंद दिले की सेकंदाला १२५ फेऱ्या होतात आणि डोळ्याला चारही आकडे स्थिर दिसतात. शिकायचं असेल तर हीच वाट धरा, मल्टिप्लेक्सिंग, म्हणजे आकडे असे आळीपाळीने पेटवणं, यातच खरं कळतं. रेझिस्टर मात्र प्रत्येक सेगमेंटला वेगळा लावा. कॉमनला, म्हणजे आकड्याच्या सगळ्या सेगमेंटांच्या सामाईक पिनेला, एकच लावून भागवलं तर १ लख्ख आणि ८ मंद दिसतो, कारण तेवढाच करंट दोनाऐवजी सात सेगमेंटांत वाटला जातो. ५ व्होल्टवर २२० ओहम धरले तर लाल सेगमेंट साधारण १२ मिलिअँपिअर घेतो. आठही पेटले की कॉमनमधून शंभराच्या आसपास. एटमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर, म्हणून ट्रान्झिस्टर लागतोच. कॉमन कॅथोडला (सामाईक पिन ऋण बाजूची असलेल्या डिस्प्लेला; धन बाजूची असेल तर कॉमन अॅनोड) बीसी५४७ ट्रान्झिस्टर अगदी काठावर चालतो, यूएलएन२००३ ही ट्रान्झिस्टरांची चिप लावली तर काळजी नको.

शेजारच्या आकड्याची पुसट सावली दिसत असेल तर क्रम तपासा: आधी सगळे डिजिट बंद, मग सेगमेंट बदला, मगच पुढचा डिजिट चालू. ही फेरी टायमर इंटरप्टमध्येच ठेवा, म्हणजे ठरावीक वेळाने बाकीचं काम थांबवून ती आपोआप चालते. मुख्य लूपमध्ये ठेवली आणि कुठे डिले आला, तर एकच आकडा पेटून राहतो. एवढं करूनही अडचण येते ती सेन्सरची. डीएचटी२२ हा तापमान-ओलाव्याचा सेन्सर वाचताना अनेक लायब्रऱ्या काही मिलिसेकंद इंटरप्ट थांबवतात, तेवढ्यात आकडे लुकलुकतात. कूलरला ओलावा मोजायचा असेल तर हे ठरलेलंच.

७४एचसी५९५ या शिफ्ट रजिस्टरने (थोड्या तारांवरून आठ पिना चालवणाऱ्या चिपने) पिना वाचतात, वेळ वाचत नाही. फेरी तुम्हालाच मारायची. त्यात अख्ख्या चिपची मर्यादा ७० मिलिअँपिअर, म्हणजे सेगमेंटला जेमतेम आठ. मला हा सौदा अर्धवट वाटतो.

टीएम१६३७ या ड्रायव्हर चिपला दोन तारा पुरतात आणि फेरी चिप स्वतः मारते. कूलरच्या टायमरसाठी मी हीच घेईन. डिस्प्ले कॉमन अॅनोड लागतो, सहा आकड्यांपर्यंत चालतो, उजेडाच्या आठ पायऱ्या मिळतात. घेताना मॉड्यूल नीट बघा: घड्याळासाठीच्या मॉड्यूलवर मधले दोन ठिपके असतात, दशांश ठिपका बहुधा जोडलेला नसतो. ३२.५ दाखवायचं असेल तर दशांशवालंच मागा.

आठ आकडे हवे असतील तर मॅक्स७२१९ ही ड्रायव्हर चिप. याला कॉमन कॅथोड लागतो, एकाच रेझिस्टरने सगळ्या सेगमेंटांचा करंट ठरतो आणि उजेडाच्या १६ पायऱ्या मिळतात. मात्र ५ व्होल्टवर याला हाय सिग्नल निदान ३.५ व्होल्टचा लागतो, त्यामुळे ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या ३.३ व्होल्टवर भरवसा ठेवू नका, मध्ये सिग्नलचा व्होल्टेज वाढवणारा लेव्हल शिफ्टर टाका. चारच आकडे जोडले असतील तर स्कॅन लिमिट (चिप किती आकड्यांची फेरी मारते ती सेटिंग) चार आकड्यांवर आणा, नाहीतर अर्धा वेळ रिकाम्या जागांवर जातो आणि आकडे उगाच मंद दिसतात.

कूलर व्हरांड्यात असेल तर मे महिन्यातल्या दुपारी यातलं काहीही फिकंच दिसणार. लाल डिस्प्लेसमोर लाल अॅक्रिलिकची पट्टी लावा, करंट न वाढवता आकडे उठून दिसतात.