मोरीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यात: उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

आमची जमीन काळी. शोषखड्डा पावसाळ्यात हमखास तुंबायचा, म्हणून न्हाणी, धुणं आणि स्वयंपाकघराचं पाणी परसातल्या कर्दळीच्या वाफ्यात सोडलं. संडासाची लाइन पूर्ण वेगळी. घरात पाच माणसं, रोजचं सांडपाणी अंदाजे 300 लिटर. वाफा 12 बाय 5 फूट, खोली दोन फूट. तळाला शेततळ्याचा (प्लास्टिकचा) कागद, त्यावर पाऊण इंची खडी, दोन्ही टोकांना गोटे.

बघायला येणारा प्रत्येक जण आधी डासांचं विचारतो. पाणी खडीच्या तीन-चार इंच खालूनच वाहतं, वर दिसतच नाही, मग डास अंडी घालणार कुठे? ही पातळी बाहेरच्या चेंबरमधल्या एल्बोवर, म्हणजे पाइपच्या फिरवता येणाऱ्या कोपऱ्यावर ठरते. उभा केला की पाणी चढतं, आडवा केला की उतरतं. वासही नाही.

पाणी साफ करतात ते मुख्यतः खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू. कर्दळ मुळांवाटे त्यांना थोडा ऑक्सिजन देते, नत्र-स्फुरद स्वतः उचलते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड हे सांडपाणी शुद्ध करायचं तंत्रही याच तत्त्वावर चालतं.

पण वाफा टिकणार की नाही हे ठरतं स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी केलेल्या तेलाच्या चेंबरमध्ये. झाकण उघडलं की बोटभर जाडीचा पांढरट थर, त्यात भाताची शितं, मोहरी, चहाचा चोथा. तो दर आठवड्याला काढायलाच हवा. तेल पुढे गेलं तर खडी बुजते, आणि मग ती उपसून धुण्यावाचून गत्यंतर नाही. ठेकेदार म्हणाला होता, ‘एकदा करा आणि विसरा.’ हे मला अजिबात मान्य नाही. असं सांगून विकलेले वाफे वर्षभरात बंद पडतात आणि नाव मात्र तंत्राचं खराब होतं.

बाहेर येणारं पाणी नितळ, किंचित पिवळसर. ते नारळ, केळी, लिंबाला देतो. कच्च्या खायच्या पालेभाजीला कधीच नाही. साठवूनही ठेवत नाही, दिवसभरात वापरतो. मे महिन्यात कर्दळच इतकं पाणी पिते की बाहेर जेमतेम धार येते, हे धरूनच झाडं लावा. पावसाळ्यात छपराचं पाणी आणि अंगणातला गाळ आत जाऊ नये म्हणून कडेला विटेचा थर हवाच.

जागेचा हिशेब माणशी किमान एक चौरस मीटर धरा. तेवढी नसेल तर स्वयंपाकघराचं पाणी वगळून फक्त न्हाणीचं जोडा. रोजची निम्मी कटकट तिथेच संपते.