लांबच्या ट्रेकवर अंग पुसायला काय न्यावं: वाइप्स की ओला रुमाल?

दिवसभर चालून तंबूत शिरल्यावर अंगावर घामाचं मीठ राहिलं, तर झोप नीट लागत नाही. आणि दुसऱ्या दिवशी तेच मीठ मांड्यांच्या आतल्या बाजूला घासून कातडी सोलवटतं. त्यामुळे रोज अंग पुसायचंच.

वाइप्सची सोय मोठी. पाणी लागत नाही, कडाक्याच्या थंडीत स्लीपिंग बॅगमध्ये बसूनही काम होतं. पण बऱ्याच वाइप्समध्ये पॉलिएस्टरसारखे प्लास्टिकचे धागे असतात. ते मातीत कुजत नाहीत. म्हणजे वापरलेला प्रत्येक वाइप परत खाली आणायचा. आठ दिवसांच्या वाटेवर ती ओली, वास मारणारी पिशवी पाठीवर नकोशी होते.

मी पातळ सुती रुमाल नेते. कपभर पाणी पुरतं. आधी चेहरा, मग मान, काखा, मांड्या, शेवटी पावलं, बोटांच्या बेचक्यांसकट. हा क्रम मोडायचा नाही. बेचक्या कोरड्या करूनच झोपायचे मोजे घालायचे. ओल राहिली तर तिथेही फोड धरतात. सकाळी रुमाल सॅकला बाहेरून अडकवला की दुपारपर्यंत खडखडीत वाळतो. पावसात मात्र तो वाळतच नाही, कुबट वास धरतो. साबण लावलात तर, तो विघटनशील असला तरी, झऱ्यापासून साठ मीटर लांब जाऊनच धुवा.

माझी पसंती रुमालालाच. शौचानंतरच्या स्वच्छतेसाठी आणि पाणी अगदीच तुटीचं असेल तेव्हासाठी चार-पाच वाइप्स वेगळ्या झिपच्या पिशवीत असू द्या.