दारालगतचा बाक आणि खुंटाळे: गोव्याच्या पावसात पारखलेली एक खरेदी

बसायला लाकडी बाक, बाकाखाली चपला-बुटांसाठी फळी आणि बाकाच्या मागून वर गेलेल्या उभ्या पाटीवर कपडे अडकवायला हूक, अशी तीन कामे एकाच वस्तूत बसवणारे फर्निचर हल्ली ऑनलाइन दुकानांतून सर्रास दिसते. फोंड्यातील आमच्या फ्लॅटसाठी मे महिन्यात आम्ही असा एक बाक मागवला, घरीच जोडला आणि चतुर्थी उलटून पाऊस ओसरेपर्यंत रोज वापरला. अभिप्राय आधीच सांगतो: बसण्याचा भाग उत्तम, हुकांची पाटी भिंतीला नीट जखडली तर चांगली, आणि बुटांची फळी गोव्यात टिकण्यासारखी नाही. याच आराखड्याचे बाक किरकोळ फरकाने अनेक नावांनी विकले जातात, त्यामुळे विक्रेत्याच्या नावापेक्षा रचनेविषयी लिहिणे अधिक उपयोगाचे ठरेल.

गोव्यातल्या जुन्या घरांना अशी वस्तू विकत आणावी लागत नसे. बलकांवातले, म्हणजे दारापुढच्या ओसरीतले, सोपे (बसण्याचे बांधीव कट्टे) हेच बसण्याचे, चपला काढण्याचे आणि भिजलेली छत्री टेकवण्याचे ठिकाण होते, आणि ते जांभ्या दगडाच्या चिऱ्याचे असल्यामुळे पाण्याची धास्ती नव्हती. फ्लॅटमध्ये दार उघडले की थेट बैठकीची खोली लागते. त्यातच जून ते सप्टेंबर या काळात घरातल्या प्रत्येकाचा ओला रेनकोट, छत्री, हेल्मेट आणि पाठीवरची पिशवी एवढा ऐवज दारातच उतरवावा लागतो. मुळात हा आराखडा थंड हवेच्या देशांतील कोरड्या कोटांसाठी केलेला आहे, हे लक्षात ठेवले तर त्याचे गुणदोष चटकन उलगडतात. आपल्याकडे या हुकांवर कोट क्वचितच येतो. येते ते पाणी आणि वजन.

आम्ही घेतलेला बाक सुमारे ९० सेंटिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर खोल आणि पाटीसह जवळजवळ १८० सेंटिमीटर उंच आहे. बसण्याची उंची ४५ सेंटिमीटर, म्हणजे नेहमीच्या खुर्चीइतकी आहे, आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या माझ्या आईला बूट चढवताना ती सोयीची पडते. यापेक्षा ठेंगणे बाक छायाचित्रात देखणे दिसतात, पण वयस्कर माणसाला त्यावरून उठताना हाताला आधार शोधावा लागतो. म्हणून मागवण्यापूर्वी टेपने घरातली सोयीची खुर्ची मोजावी आणि तो आकडा वर्णनातील मापांशी ताडून पाहावा.

जाहिरातीतील ठळक अक्षरांत 'सॉलिड शीशम' असे लिहिले होते; खालच्या बारीक तपशिलात मात्र केवळ बैठक आणि पायांची चौकट शीशमची असून पाठीची पाटी व बुटांची फळी 'इंजिनीअर्ड वूड'ची असल्याचे नमूद होते. इंजिनीअर्ड वूड या नावाखाली प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड असे तिन्ही प्रकार येतात आणि ओलीच्या बाबतीत त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. लाकडी पत्रे आडवे-उभे चिकटवून केलेले प्लायवूड त्यातल्या त्यात दम धरते, आणि त्यातही आयएस ७१० या मानकाचे मरीन प्लाय आयएस ३०३ च्या साध्या प्रकारापेक्षा कितीतरी अधिक टिकते. एमडीएफ हा लाकडाचा बारीक तंतुमय भुसा राळेत दाबून तयार केलेला तक्ता असतो. त्याच्या उघड्या कडेतून पाणी शिरले की तो जाडीत फुगतो, आणि पुढे वाळला तरी पूर्वीच्या जाडीवर येत नाही. विक्रेत्याला विचारल्यावर आमची पाटी आणि फळी एमडीएफची असल्याचे लेखी उत्तर मिळाले. हा प्रश्न विचारायला संकोच करू नये.

वस्तू हाती आल्यावर अस्सल लाकूड ओळखण्यासाठी वजनावर विसंबता येत नाही, कारण एमडीएफही चांगलाच जड असतो. त्यापेक्षा कड पाहावी. वरच्या पृष्ठभागावरील रेषा कडेवरून वळून आडव्या छेदात पुढे चालू राहिल्या असतील तर लाकूड सलग आहे; रेषा कडेशी तुटून तिथे वेगळी पट्टी चिकटवलेली दिसली तर वर केवळ पातळ पापुद्रा आहे. आमची बैठक या परीक्षेत उतरली. तिच्या एका फळीत सालीकडचे फिकट लाकूड आले आहे, आणि ही बाब केवळ रंगाची नाही. वाळवीला दाद देत नाही ते शीशमच्या गाभ्याचे गडद लाकूड. फिकट भागाला तशी प्रतिकारशक्ती नसते. तसेच बाजारात शीशम म्हणून मिळते ते मुख्यतः उत्तर भारतातील डाल्बर्जिया सिस्सू होय, तर आजोळच्या कपाटात आणि पलंगात दिसणारी काळसर, जांभळट झाक असलेली शिसवी डाल्बर्जिया लॅटिफोलिया या वेगळ्या झाडाची असते. तो रंग आणि ते वजन मनात धरून कोणी हा बाक मागवला तर त्याची निराशा होईल.

पोचवण्याच्या सेवेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोन लांबट खोकी आली, कोपऱ्यांना फोम होता, काही तुटले नव्हते. सामान तळमजल्यापर्यंतच पोचवले जाईल, असे अटींत लिहिले होते आणि तसेच झाले.

जोडणी मात्र सविस्तर सांगायला हवी. चौकटीचे सांधे कुसू-भोकाचे, म्हणजे एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले, नाहीत. पायात आडवे भोक पाडून त्यात नळीसारखा नट सरकवायचा आणि समोरून लांब बोल्ट घालून तो ॲलन चावीने आवळायचा, अशी पद्धत आहे. सोबत लाकडी डॉवेल (छोट्या गोल खुंट्या) दिलेले असतात. त्यांचे काम भाग जागेवर ठेवण्याचे. ओढ सगळी बोल्टवर येते. नळीसारख्या नटाच्या डोक्यावर स्क्रू ड्रायव्हरसाठी खाच असते, ती बोल्टच्या दिशेला समांतर धरली तरच आतले आटे समोरासमोर येतात, आणि सूचनापत्रकात एवढी मोलाची गोष्ट कुठेही लिहिलेली नाही. पत्रकातील चित्रे इतकी बारीक आहेत की डावा आणि उजवा पाय ओळखण्यासाठी भोकांची बाजू मोजून पाहावी लागली.

आमच्याच इमारतीत राहणारे, आयटीआयमधून निवृत्त झालेले एक निदेशक मदतीला आले होते. मी पहिला बोल्ट पूर्ण आवळायला घेणार, तोच ते म्हणाले, "थांबा. आधी सगळे बोल्ट लागू द्यात, आवळायचं शेवटी." "पण सर, तोवर चौकट हलत राहील ना?" असे मी विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले, "हलू दे की! हलते आहे तोवरच ती गुण्यात, म्हणजे काटकोनात आणता येते." त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. सर्व बोल्ट सैल असताना चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजायचे, जो कर्ण लांब भरेल त्या कोपऱ्यावर हलका दाब देऊन दोन्ही मापे सारखी करायची, आणि मगच समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत न्यायचे. असे केल्यामुळे आमच्या बाकाचे चारही पाय फरशीवर टेकले. एकेक कोपरा पक्का करत गेले तर शेवटच्या बोल्टचे भोक जुळत नाही, आणि मग लोक कारखान्याला दोष देतात.

एमडीएफच्या पाटीवर हूक लावताना विजेवर चालणारा ड्रायव्हर वापरू नये, असे मी आवर्जून सांगेन. या तक्त्यात स्क्रूचे आटे एकदा घसरले की ते भोक निकामी होते. हाताने, शेवटचे दोन वेढे जाणवतील इतक्या बेताने पिळले की काम होते. जोडणी संपायच्या आधी आणखी एक गोष्ट केली तर तिचा पुढे फायदा होतो: पाटीची खालची कड, हुकांची भोके आणि पॉलिश न पोचलेल्या साऱ्या कोरड्या जागा पारदर्शक पीयू (पॉलीयुरेथेन) कोटिंगचे दोन हात देऊन बंद करणे. तक्त्यात पाणी शिरते ते तिथूनच.

खरा कस लागतो तो भिंतीला जखडताना. पाच दुहेरी हूक, प्रत्येकावर ५ किलोपर्यंत भार चालेल असे पत्रक म्हणते. भरलेली लॅपटॉपची पिशवी आणि एक हेल्मेट एका हुकावर आले की ती मर्यादा गाठलीच. हे सारे वजन दीड मीटरहून अधिक उंचीवर आणि पाटीच्या पुढे लोंबते, तर खाली पायांचा पसारा अवघा ४० सेंटिमीटर. अशा वेळी एखादे मूल बैठकीवर चढून हुकाला लोंबकळले, तर सगळा सांगाडा पुढे कोसळू शकतो. म्हणून सोबत दिलेल्या काटकोनी पट्ट्या 'ऐच्छिक' आहेत असे जे पत्रकात छापले आहे, ते मला बेजबाबदारपणाचे वाटते.

गोव्यात त्यापुढेही एक अडचण येते. बाहेरच्या भिंती बहुधा जांभ्याच्या चिऱ्याच्या असतात, आणि सोबत आलेले आखूड प्लॅस्टिकचे रॉल प्लग (भोकात बसवून स्क्रू पकडणाऱ्या नळ्या) जेमतेम प्लास्टरच्या थरात मावतात. चिरा सच्छिद्र आणि मऊ असल्यामुळे ड्रिल हॅमरवर ठेवले तर भोक मोठे होऊन प्लग त्यात फिरत राहतो; हॅमर बंद करून सावकाश भोक पाडावे, प्लास्टर ओलांडून आत जाईल असा लांब नायलॉन प्लग घ्यावा आणि दोन चिऱ्यांमधला सांधा टाळावा. काँक्रीटच्या खांबावर मात्र हॅमरशिवाय गत्यंतर नसते. विजेच्या बटणांच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, कारण तारांच्या नळ्या बहुतेक त्याच रेषेत गेलेल्या असतात. पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल, तर बाक आतल्या भिंतीलाच लावलेला बरा. आम्ही तसेच केले, आणि पट्ट्यांच्या मागे दोन सेंटिमीटर जाडीचे लाकडी ठोकळे देऊन पाटी आणि भिंत यांच्यात हवा खेळेल इतकी फट ठेवली. आमच्या घरातल्या भिंतीला चिकटलेल्या कपाटाच्या पाठीवर दर पावसाळ्यात हिरवट बुरशी धरते. या पाटीच्या मागे ती आली नाही.

जुलै सरेपर्यंत बुटांच्या फळीची पुढची कड फुगून वरचा पापुद्रा उचलला गेला होता. रेनकोटावरून निथळणारे पाणी थेट तिच्यावर पडत होते, आणि कडेवरची पट्टी सांध्याशी उघडी होती. तक्रारीला उत्तर वेळेवर आले, भाषाही सौजन्याची होती, पण पाण्याने झालेले नुकसान हमीतून वगळले असल्याचे कलम त्यांनी दाखवले. चपला-बूट ठेवण्याच्या फळीवर पाणी पडणार नाही, हे गृहीत धरून वस्तू विकायची आणि मग पाण्याचे नाव घेऊन हात झटकायचे, हा व्यवहार मला पटलेला नाही. अखेर ओळखीच्या सुताराकडून उरलेल्या सागवानाच्या पट्ट्या बोटभर अंतर सोडून ठोकून घेतल्या. पाणी आता फटींतून खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये जाते. विक्रेत्याने मुळातच अशी जाळीदार फळी दिली असती तर किंमत फारशी वाढली नसती.

हुकांचा मुलामा अजून शाबूत आहे, त्यांचे स्क्रू मात्र गंजू लागले. चुंबक लावून पाहिले तर स्क्रू चिकटतात आणि हूक चिकटत नाहीत, म्हणजे हूक लोखंडाचे नाहीत एवढे निश्चित कळते. स्क्रू बदलून स्टेनलेस स्टीलचे लावले. कळंगूट किंवा बाणावलीसारख्या समुद्रालगतच्या गावांत राहणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हा बदल करावा, कारण खारे वारे आमच्या फोंड्यापेक्षा तिथे फार लवकर काम करतात.

किमतीचे म्हणाल तर बाक चौदा हजारांच्या आत पडला. याच मापाच्या सागवानी कामासाठी सुताराने सांगितलेला अंदाज दुपटीहून वर होता आणि चतुर्थीपूर्वी हातात मिळण्याची शाश्वती नव्हती. नुसत्या बैठकीसाठीही मी हे पैसे दिले असते. तिच्या फळ्या जाड आहेत, कडा गोलवलेल्या आहेत, आणि तीन माणसे एकदम बसली तरी ती कुरकुरत नाही.

शीशमचे फर्निचर मोठ्या प्रमाणावर जोधपूरकडच्या कोरड्या हवेत तयार होते, आणि आमच्या खोक्यावरचा पत्ताही तिकडचाच होता. असे लाकूड गोव्याच्या पावसात हवेतली ओल शोषून धाग्याच्या आडव्या दिशेने फुगते आणि हिवाळ्यात पुन्हा आकसते. लांबीत मात्र ते जवळजवळ बदलत नाही. जूनमध्ये बैठकीच्या फळ्यांमधली फट मिटलेली पाहून घाबरण्याचे कारण नसते. फळ्या आकसल्यावर मात्र बोल्ट सैल पडतात, तेव्हा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास ते एकदा पुन्हा आवळावे लागतील. त्यासाठी ॲलन चावी फेकून न देता आम्ही ती बैठकीच्या खालच्या बाजूला टेपने चिकटवून ठेवली आहे.