भोसरीतील रविवारचे कामगार सल्ला केंद्र : एक अभिप्राय

श्रमसंहितांच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या नव्या कामगार कायद्यांच्या विरोधात ९ जुलै २०२५ रोजी देशव्यापी संप झाला तेव्हा मी त्यात सहभागी होतो. मात्र या संहितांमुळे माझे स्वतःचे काय जाणार, हे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या, त्यानंतर मी भोसरीत एका कामगार संघटनेने चालवलेल्या विनामूल्य सल्ला केंद्रात जाऊ लागलो.

येताना नियुक्तीपत्र आणि तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणायला सांगतात. तेथील ज्येष्ठ कार्यकर्ते भाषण देत नाहीत; आधी कारखान्यात किती कामगार आहेत ते विचारतात. आमच्याकडे १७० आहेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपात करण्यापूर्वी अथवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागे. चार संहितांपैकी औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा ३०० वर नेली, शिवाय अधिसूचना काढून ती आणखी वाढवण्याची मुभाही सरकारला दिली. ज्या संरक्षणाच्या भरवशावर मी घराचे कर्ज काढले, ते आता आमच्या कारखान्याला उरलेले नाही, हे मला त्या टेबलासमोर कळले.

संपाची कलमेही ते अशीच उलगडून सांगतात. १४ दिवसांची नोटीस दिली तरी समेटाची कार्यवाही (सरकारी अधिकाऱ्यासमोरचा तडजोडीचा प्रयत्न) चालू असेपर्यंत आणि ती संपल्यावर ७ दिवस संप करता येत नाही. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच धरला जातो. मात्र ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळण्याची तरतूद चांगली आहे, हेही ते मोकळेपणाने मान्य करतात. विरोध करणाऱ्यांनी असेच बोलावे, असे मला मनापासून वाटते.

उणिवाही आहेत. केंद्र फक्त रविवारी सकाळी उघडे असते, त्यामुळे शनिवारची रात्रपाळी करून आलेला कामगार पेंगत बसतो. महिला सल्लागार नाही. माहितीपुस्तिकेची भाषा इतकी बोजड आहे की आमच्या पाळीतील कंत्राटी मुलांनी ती दुसऱ्या पानावरच मिटली. येत्या रविवारी त्यांना मी सोबत नेणार आहे. त्यांच्यापैकी एकाकडेही नियुक्तीपत्र नाही.