४१ महिने, ५२ हजार किलोमीटर : एबीएस मॉड्युल गेलंच नव्हतं

राखीपौर्णिमेला चिपळूणहून कराडला निघालो होतो. कुंभार्ली घाटात एका चढावर एसटीच्या मागे थांबलो, पुढे जायला ब्रेक सोडला आणि गाडी सरळ मागे घरंगळली. मागे डंपर होता. हँडब्रेक ओढेपर्यंत हातभर मागे गेलो होतो. मीटरवर एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), ईएससी (गाडी घसरू न देणारी) आणि हिल होल्ड (चढावर गाडी धरून ठेवणारी) असे तीन पिवळे दिवे पेटले होते.

मी घेतलेल्या मॉडेलचं मायलेज, डिकी, सस्पेन्शन यावर भरपूर लिहून झालंय, त्यात माझी भर नको. मी हिल होल्डवरच लिहिणार आहे. मॅन्युअल गाडी घेऊन आठवड्यातून दोनदा घाट चढणाऱ्याला त्याचं मोल कळतं. ब्रेकवरचा पाय उचलला की एबीएस युनिटमधले व्हॉल्व्ह चाकांतलं प्रेशर दोनेक सेकंद धरून ठेवतात आणि तेवढ्यात क्लच सुटतो. ४० महिने ते दोन सेकंद न चुकता मिळाले. त्यामुळे हँडब्रेकवर चढाला गाडी उठवायची सवयच मोडली होती, आणि त्या दिवशी तेच अंगाशी आलं.

सर्व्हिस सेंटरने अर्ध्या तासात निकाल दिला: एबीएस मॉड्युल, म्हणजे ते व्हॉल्व्ह आणि त्यांचा कॉम्प्युटर असलेलं युनिटच, गेलं, नवीन टाकून प्रोग्रामिंग करायचं, एस्टिमेट ४६,८०० रुपये. वॉरंटी एप्रिलमध्ये संपलेली. बिघाडाचा कोड कोणता आला ते विचारलं तर "तो आमच्या सिस्टीममध्ये असतो, कस्टमरला देत नाही." तपासणीचे ९०० रुपये मात्र घेतले. ज्या तपासणीचे पैसे मी भरले, तिचा निकाल मला का दाखवायचा नाही, याचं उत्तर आजपर्यंत मिळालेलं नाही.

रागाच्या भरात ६५० रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. असा स्कॅनर घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: फुकटच्या ॲपवर तो बहुतेक वेळा इंजिनाचेच कोड वाचतो, एबीएसपर्यंत पोचत नाही. माझ्या गाडीत त्याने "एकही दोष नाही" असं दाखवलं. एवढं मात्र कळलं की इंजिन चालू असताना व्होल्टेज १४.२ आहे, म्हणजे अल्टरनेटरचं चार्जिंग ठीक. कमी व्होल्टेजनेही असे दिवे लागतात, ती शंका मिटली.

मग मेहुण्याने कराडच्या एका वायरमनकडे नेलं. पंचविशीचा पोरगा. गाडीला हात लावायच्या आधी त्याने विचारलं, "काका, स्पीडोमीटर चालतोय ना?" चालत होता. "मग मॉड्युल जिवंत आहे. या गाडीत मीटरला स्पीड तिथूनच जातो." या एका प्रश्नाने ४६,८०० रुपयांचं एस्टिमेट खोटं पडलं.

त्याने स्कॅनर लावला. कोड आला सी००३५, म्हणजे डाव्या पुढच्या चाकाच्या स्पीड सेन्सरचं सर्किट. तो शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन बसला आणि मला गल्लीतून हळू चालवायला सांगितलं. पडद्यावर चार चाकांचे चार आकडे: २०, २१, २० आणि डाव्या पुढच्याला ०. स्पीडब्रेकरवरून गाडी उडाली तसा त्या शून्याचा क्षणभर २० झाला आणि पुन्हा शून्य. "वायर," एवढंच तो म्हणाला.

चाकाच्या बेअरिंगला चुंबकीय रिंग असते. तिच्यासमोरच्या सेन्सरमध्ये नखाएवढीसुद्धा नसलेली चिप असते. रिंग फिरते तसा ती दोन तारांमधला प्रवाह ७ आणि १४ मिलिअँपियर असा बदलत राहते. एबीएसचा कॉम्प्युटर हे ठोके मोजून चारही चाकं ताडून पाहतो. तीन चाकं पळताहेत आणि एकाचे ठोकेच येत नाहीत, तर ते चाक फिरतंय की लॉक झालंय हे त्याला ठरवता येत नाही. म्हणून तो साधा ब्रेक तसाच ठेवून एबीएस, ईएससी आणि हिल होल्ड बंद करतो आणि दिवे लावतो. घाटात मी ज्याला बिघाड म्हणत होतो, ते त्या कॉम्प्युटरमधल्या चिपने केलेलं चोख काम होतं.

इथे माझं मत बदललं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बुकिंग केलं तेव्हा चिप या शब्दाचाच मला राग होता. लॉकडाऊनमध्ये गाडी कंपन्यांनी ऑर्डरी कमी केल्या, चिपचे कारखाने फोन-लॅपटॉपकडे वळले, त्यात १९ मार्च २०२१ ला जपानमध्ये रेनेसास या चिप कंपनीच्या नाका कारखान्याला आग लागली. त्या टंचाईत मला गाडी पाच महिन्यांनी मिळाली, तीही एकाच चावीवर. दुसरी चावी गणपतीनंतर आली. तेव्हा ठाम मत झालं होतं की गाडीत इतकं इलेक्ट्रॉनिक नकोच. आज तसं म्हणवत नाही. चिपने कुठे दुखतंय ते नेमकं सांगितलं होतं. ज्यांना ते वाचायचा पगार मिळतो त्यांनी वाचलं नाही. कोड सर्किटकडे बोट दाखवतो, कुठला पार्ट मेला ते सांगत नाही. पुढचं माणसाने शोधायचं असतं.

रॅम्पवर घेतल्यावर कारण दिसलं. सेन्सरच्या वायरचा कपलर (जोडणीचा प्लग) स्वच्छ होता. त्याच्या चार बोटं वर, शॉकॲब्सॉर्बरजवळ जिथे वायर क्लिपमध्ये बसायला हवी, तिथे क्लिपच नव्हती. वायर टायरला घासून सोलली होती आणि आतलं तांबं हिरवं पडलं होतं. फेब्रुवारीच्या जॉबकार्डवर सस्पेन्शनच्या दोन्ही बाजूंच्या लिंक रॉड बदलल्याची नोंद आहे. त्यानंतर तिथे कुणी हात लावलेला नाही.

पोरगा म्हणाला सेन्सर वायरसकट बदलू. पैसे वाचवायला मीच जॉइंटचा हट्ट धरला. नवव्या दिवशी पावसात तिन्ही दिवे परत लागले. तो जॉइंट स्टिअरिंगबरोबर सारखा वळणाऱ्या जागी होता, पाणी जाणारच होतं. त्याचं आधीच ऐकायला हवं होतं. नवा सेन्सर २,१५० रुपये, मजुरी ४००. त्याने मला चालत्या गाडीत चारही आकडे सारखे दाखवले आणि मगच पैसे घेतले. एबीएसचा दिवा लागला तर हे आकडे बघायला मागा, आणि दाखवत नसतील तर मॉड्युलला होकार देऊ नका.

क्लिप त्याने एका जुन्या गाडीची काढून बसवली, तिचे पैसे घेतले नाहीत. निघताना मी उजवं चाकही बघायला लावलं. तिथली क्लिप होती, पण अर्धी सुटून वायरवर नुसती लोंबत होती.