रायडिंग जॅकेटची निगा आणि पैठण गेटजवळचे बिनपाटीचे दुकान

मोटारसायकलवर घालायचे चामडी जॅकेट, बूट आणि हातमोजे जाणकारीने साफ करून देणारा माणूस मराठवाड्यात सहजासहजी सापडत नाही, म्हणून छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटकडून आत जाणाऱ्या एका गल्लीतल्या दुकानाविषयी सविस्तर लिहीत आहे. दुकानाला पाटी नाही; दाराशी एक जुने खोगीर टांगलेले असते, तीच खूण. दुकान चालवणाऱ्या काकांचे वडील विहिरीवरच्या मोटा शिवत असत, काकांनी स्वतः उमेदीच्या काळात टांग्याच्या घोड्यांचे साज केले, आणि आता बॅगा, पट्टे, सोफ्याची आवरणे यांच्यासोबत ते आमच्यासारख्यांची जॅकेटेही घेतात.

माझे जॅकेट सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या काळ्या चामड्याचे असून सात वर्षांचे आहे. धुळे ते सोलापूर या राष्ट्रीय महामार्ग 52 वर, विशेषतः बीडच्या पुढे मांजरसुंब्याच्या घाटात, ते मी उन्हाळ्या-पावसाळ्यात सारखेच वापरले. गेल्या वर्षी शहरातल्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात ते कपड्यांच्या ढिगात गेले आणि परत आले तेव्हा दिसायला स्वच्छ, पण कोपरात पुठ्ठ्यासारखे कडक झालेले होते. कारण साधे आहे. चामडे कमावल्यानंतर त्याच्या तंतूंमध्ये जी स्निग्धता मुरवलेली असते, ती ड्रायक्लीनिंगच्या द्रावकात तेलकट डागांबरोबरच विरघळून निघून जाते, आणि कोरडे पडलेले तंतू वाकताना एकमेकांवरून सरकण्याऐवजी घासून तुटू लागतात. कोपरावरच्या बारीक भेगा त्याच होत्या.

जॅकेट हातात घेताच काकांनी बाहेरची बाजू पाहिलीच नाही; त्यांनी ते उलटे केले, काखेतले आणि कॉलरचे अस्तर बोटांनी चोळले आणि म्हणाले, “घाम आधी काढू, तेलाचं मागून बघू. मिठावर तेल चोपडलं तर मीठ आतच ऱ्हातं.” मराठवाड्यात चामड्याचे मुख्य नुकसान पावसाने होते असे मी समजत होतो. पण पारा चाळीस अंशांच्या वर गेल्यावर जॅकेटमध्ये दिवसभर जिरणारा घाम पाणी उडाल्यावर आपले क्षार मागे ठेवतो आणि तेच क्षार चामड्यातला ओलावा व स्निग्धता हळूहळू बिघडवतात, हे त्यांच्या एका वाक्यामुळे माझ्या ध्यानात आले.

साफसफाईची पद्धत मी दोन बैठकांत समोर बसून पाहिली. प्रथम खांदे, कोपर आणि पाठ येथील संरक्षक पॅड काढून बाजूला ठेवले. मग घोड्याच्या केसांच्या मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडली. ही पायरी अनेक जण गाळतात. काळ्या मातीची धूळ शिवणीत असताना ओले फडके फिरवले की तिचा चिखल होऊन टाक्यांत आणि हवेसाठी पाडलेल्या बारीक छिद्रांत घट्ट बसतो. पुढच्या बाजूला चिकटलेले किडे न खरवडता त्यांवर दहा मिनिटे ओले फडके ठेवले. त्यानंतर कॉलरच्या आतल्या बाजूला थोडीशी जागा तपासून, रंग सुटत नाही याची खात्री करून, सौम्य क्लीनरचा फक्त फेस स्पंजाने फिरवला आणि फिल्टरच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने तो दोनदा पुसून घेतला. चामडे स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे कपड्यांचा साबण त्याला मानवत नाही. खोगिरासाठीचा साबणही बराच अल्कधर्मी असल्याने काका तो बुटांपुरताच ठेवतात. जॅकेट वाळवले ते रुंद खांद्याच्या हँगरवर, सावलीत, चोवीस तास. ओले चामडे उन्हात टाकले तर आक्रसून कडक होते, आणि मग ते पूर्ववत होत नाही.

खरे कसब कंडिशनर, म्हणजे चामड्याला स्निग्धता परत देणारे द्रव, लावण्यात दिसले. मोटेला पाजतात तसे तेल माझ्या जॅकेटला पाजा, अशी माझीच विनंती होती; ती त्यांनी स्पष्ट नाकारली. मोटेचे चामडे बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीत कमावलेले, जाड, आणि सतत पाण्यात राहणारे. जॅकेटचे चामडे बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले, मऊ आणि वरून रंगाचा थर दिलेले. करडईचे तेल हवेत हळूहळू घट्ट आणि चिकट होते, तर खोबरेल 24 अंशांखाली गोठत असल्याने आपल्या डिसेंबरातच पृष्ठभागावर पांढुरके दिसू लागते. शिवाय जास्त तेलाने चामडे सैल पडते, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर मुद्दा हाच आहे: गाडीवरून पडल्यावर सैल बाहीतले कोपराचे पॅड कोपरावर राहत नाही, सरकते. काकांनी पाण्यात मिसळलेले दुधी कंडिशनर बोटांनी अगदी पातळ लावले, तासभर मुरू दिले, उरलेले पुसून काढले आणि दुसऱ्या दिवशी फक्त कोपर व पाठीच्या घड्यांवर पुन्हा एक हात दिला. मेणाचा लेप त्यांनी केवळ खांद्यांच्या शिवणींवर दिला, कारण पाऊस तिथूनच आत शिरतो.

जॅकेट आता कोपरात पुन्हा वाकते आणि अंगाला बसते तसेच बसते. भेगा मात्र गेलेल्या नाहीत. त्या बुजत नाहीत, वाढायच्या थांबतात एवढेच, आणि काकांनी हे पैसे घेण्याआधीच सांगितले होते.

हातमोज्यांचे तळवे त्यांनी नुसते पुसून दिले, कंडिशनर पाठीवरच लावला. तळवा निसरडा झाला तर ब्रेकचा लिव्हर हातातून सुटू शकतो, म्हणून मला हे पटले. बुटांचे काम ठीक झाले. स्वेड, म्हणजे मखमलीसारखी लव असलेले चामडे, ते घेत नाहीत.

उणिवाही नोंदवायला हव्यात. चार दिवसांचे काम नऊ दिवसांनी मिळाले आणि मधल्या काळात फोन उचलला गेला नाही. पावती मिळत नाही, म्हणून देताना खिसे आणि पॅड मोजून त्यांचे फोटो काढून ठेवावेत; माझे एक खांद्याचे पॅड उलटे बसवलेले होते, ते मी घरी सरळ केले. जॅकेट, बूट आणि हातमोजे मिळून मला 1,100 रुपये पडले, आणि या श्रमाला ते कमीच वाटतात. मेअखेरीस तिथे गर्दी असते. पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास जॅकेट दिले तर दमट हवेत अस्तरावर आलेली बुरशीही त्याच वेळी निघते आणि काकांनाही सावकाश काम करता येते. मी या वर्षी तेव्हाच देणार आहे.